व्याख्या शेवटी

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राला नवे सर आले आणि पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला बाकं ओढायला लावली. वर्गाचा गोल करायचा होता. लोखंडी पायांचा तो खरखराट ऐकून शिपाई धावत वर आला आणि सरांनाच विद्यार्थी समजून ओरडला. सर दिसायचेही तसेच, काटकुळे, शर्ट बाहेर. गोरेगावहून आरे कॉलनीतून येणारी बस पकडून यायचे आणि बसमध्ये ऐकलेलं एखादं भांडण रोज वर्गात आणायचे. गिरण्या बंद पडल्या त्या सुमाराची, ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट.

सरांचा एकच नियम होता, व्याख्या शेवटी. आधी बघून यायचं, मग गोलात बसून बोलायचं, भांडायचं, आणि एवढं करून जे हाती लागेल त्याची व्याख्या आपणच करायची. ते नोट्स देत नसत. फळ्यावर क्वचितच लिहीत. एका आठवड्यात त्यांनी आम्हाला संध्याकाळी भाजी मंडईत नुसतं उभं राहायला पाठवलं. मला तर हे शुद्ध थोतांड वाटलं. वांगी बघायची होती तर आमच्या मुलुंडात काय कमी होती, त्यासाठी कॉलेजची फी कशाला भरायची?

माझ्या मैत्रिणीला मात्र तसं वाटलं नाही. ती विक्रोळीला चाळीत राहायची. मूळ घर कोकणातलं. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमनचं काम धरलं होतं. शाळेपासून ती मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. गोलात मागचा बाक नसतो, त्यामुळे तिची पंचाईत झाली. मग एकदा रेशनच्या रॉकेलवरून वर्गात वाद पेटला आणि ती बोलायला लागली. तिच्याच गॅलरीतली तीन घरं तिनं आमच्यापुढे मांडली. एका घरी गॅस आला होता, त्यांना रॉकेलचा भाव माहीतही नव्हता. दुसरं घर स्टोव्हवरच चालायचं, ते ब्लॅकने मिळेल त्या भावाला घ्यायचे. तिसऱ्या घरातली बाई भाव चढला की खाडीकडे जाऊन सुकी लाकडं आणायची. "म्हणजे भाव एकच चढला, पण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी केल्या. का केल्या, ते सांगा," असं म्हणून ती उलट आम्हालाच प्रश्न विचारत सुटली. मागणीची लवचिकता म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं आणि अजून विसरलेलं नाही. शेवटी व्याख्याही तिनंच केली, स्वतःच्या शब्दांत. सर नुसते हसत होते.

त्यानंतर आठवड्यातला एक तास सरांच्या जागी तीच घ्यायला लागली. एकदा बाहेर पडताना ती मला म्हणाली, "मला हेच करायचंय गं. एम.ए. करणार आणि शिकवणार." तिच्या घरी एवढं सोपं नव्हतं. गावाकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि वडिलांनी ते बी.ए.च्या निकालापर्यंत थांबवून धरलं होतं. पास झाली तर नोकरी करील, पुढे शिकायचं तर शिकेल. नापास झाली तर गावी. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जिचा मला आजही राग येतो. सरांच्या तासाला आम्ही सगळे रंगायचो खरे, पण घरी प्रत्येकाकडे गाइड होतं. बहुतेक जण संध्याकाळी क्लासला जायचे. माझ्या दादाने तर मला मुलुंडच्या क्लासमध्ये नेऊनच बसवलं होतं. तिथं व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष असं सगळं ओळीनं पाठ करून घ्यायचे. विद्यापीठाच्या परीक्षेला काय लागतं हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. ज्याला त्याला ते घरातूनच कळत होतं. तिच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. ती एकटी सरांवर भिस्त ठेवून होती. आणि सरांना वाटलं, मुलांना समजलं की झालं.

बी.ए.चा अर्थशास्त्राचा पेपर सुटल्यावर ती फूटपाथवर उभी होती, चेहरा फुललेला.

"झकास गेला यार! मागणीचा नियम विचारला, मी सगळी चाळ उतरवली."

"आणि व्याख्या?" मी विचारलं.

"ती शेवटी. एक-दोन प्रश्नांत राहिली गं, बेल झाली. पण वाचणाऱ्याला कळेलच ना."

आम्ही सगळ्यांनी व्याख्या पहिल्या ओळीत लिहून खाली रेघ मारली होती.

निकाल लागला. वर्ग पास झाला आणि ती त्या पेपरात नापास झाली. बोर्डासमोर सर किती तरी वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "तिचं घर दाखव."

खोलीत वडील ड्युटीवर जायच्या तयारीत होते. सरांना खुर्ची देऊन ते स्वतः उभेच राहिले. सर माफी मागायला लागले तसे हात जोडून म्हणाले, "सर, तुमी तिका शिकवलात ता चांगलाच केलात. पोर घराक येवन बोलाक लागला, ह्या आमी बघितला. पण आता तेवढा पास होवक शिकवा." आवाजात जराही राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं सर परतताना म्हणाले.

ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत सर दर रविवारी विक्रोळीला आले. सोबत म्हणून मीही जायचे. सर सांगायचे, ती लिहून घ्यायची. सरांचा तो आवाज आम्ही कधी ऐकलेला नव्हता, सपाट, स्वल्पविरामासकट. सुरुवातीला ती मध्येच थांबायची. "पण सर, असं का? आमच्या शेजारच्या..." सर मान वर न करता म्हणायचे, "आत्ता नको. पुढचं लिही." काही रविवारांनी तिनं थांबणं सोडलं. मी भिंतीला टेकून बसलेली असायचे आणि मला रडू यायचं. त्या दोघांना यायचं की नाही, कोण जाणे.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. स्थळ परत गेलं आणि एका कंपनीच्या ऑफिसात तिला टायपिंगचं काम मिळालं. पेढे घेऊन आम्ही स्टाफरूममध्ये गेलो. सर खरंच खूश झाले. पूर्वीसारखे खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कांदे बघ किती महागलेत. तुझी आई काय करते गं?"

ती सावरून उभी राहिली. "इतर परिस्थिती कायम असताना, वस्तूच्या किमतीत बदल झाला असता..." तिनं अख्खी व्याख्या म्हटली, एकही शब्द न चुकता, आणि मग वैशिष्ट्ये सुरू केली.

"बरोबर," सर म्हणाले. त्यांनी पेढा टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

जिन्यात मी तिला म्हटलं, "आता एम.ए.चं बघू. तुला शिकवायचं होतं ना?"

"छे गं, मी कसली शिकवते," ती अगदी सहज म्हणाली. "तेव्हा मला वाटायचं, मला सगळं समजतंय. समजत असतं तर नापास झाले असते का?"

मी तिच्याशी गेटपर्यंत भांडले. तिनं हसून माझा हात दाबला आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून स्टेशनकडे चालू लागली.