आईचं घड्याळ आणि आर्याजींचं भोजन

मार्चमधल्या त्या रविवारी सगळ्या अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली आणि टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं जागीच राहिलं. दोष सर्वस्वी माझा. फोन आपोआप बदलतो म्हणून मी निर्धास्त होते.

नागपूरहून आलेली माझी आई मात्र त्या भिंतीवरच्या घड्याळावरच चालत होती. आमच्या उपासक मंडळाने श्रीलंकेच्या एका भिक्खुणींना, म्हणजे आर्याजींना, आमच्या घरी भोजनदानासाठी बोलावलं होतं. आईने जन्मभर भंतेंना वाढलं, पण चीवर नेसलेली बाई तिने कधी जवळून पाहिली नव्हती. बुधवारी तिचं परतीचं विमान होतं. एकदा तरी माझ्या हातचं आर्याजींच्या पात्रात पडू दे, असा तिने महिनाभर धोशा लावला होता.

मध्यान्हानंतर भिक्खुणी जेवत नाहीत, म्हणून साडेअकराला वाढायचं असं मी तिला चारदा बजावलं होतं. साडेअकराला आत डोकावले, तर आमच्या मातोश्री निवांत पाटवड्या थापत होत्या. भाकरीचं पीठ अजून डब्यातच. मी ओरडणार तोच तिने भिंतीकडे बोट दाखवलं. साडेदहा.

 मंडळाचे अध्यक्ष असलेले काका मागोमाग आले आणि म्हणाले, "टेन्शन नको घेऊ यार, कोपऱ्यावरून इडल्या ऑर्डर करतो."  आई बेसनाचे हात तसेच धरून खुर्चीत बसली. तीन दिवसांत ती जाणार होती, आणि एवढंसं घड्याळ मला फिरवता आलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग मला क्वचित आला असेल.

शेवटी मी बाहेर दिवाणखान्यात येऊन बसलेल्या आर्याजींना खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या, मागच्या अंगणात गेल्या आणि कुंपणाच्या खांबाची सावली बघून आल्या. म्हणाल्या, "मध्यान्ह सूर्याचं असतं, सरकारचं नाही. इथे सध्या सूर्य माथ्यावर यायला दीड वाजतो. सावकाश करू दे त्यांना."

मी निरोप दिल्यावर आई ताडकन उठली. म्हणजे माझंच घड्याळ बरोबर होतं, असं काकांना ऐकवून तिने परात ओढली.

तोवर बाहेर आर्याजींची देसना, म्हणजे प्रवचन, सुरू झाली. भारतातल्या सम्राटाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार लंकेला गेली, कारण तिथल्या बायकांना दीक्षा हवी होती आणि ती द्यायला भिक्खुणीच लागत. पुढे लंकेच्या भिक्खुणी तशाच जहाजाने चीनला गेल्या. राजे आणि भंते सर्वांच्या लक्षात राहतात, असं आर्याजी जरा मिश्कीलपणे म्हणाल्या. मी मुद्दाम मोठ्याने मराठी करून सांगत होते. मधेच भाकरी थापण्याचा आवाज थांबला, तेव्हा आई ऐकते आहे हे मला कळलं.

फोनप्रमाणे साडेबाराला तिने स्वतःच्या हाताने वाढलं. एक भाकरी संपल्यावर आर्याजींनी पात्रावर हात आडवा धरला. भंतेंसमोर कधी मान वर न करणारी माझी आई मला म्हणाली, "त्यांना सांग, लंकेला गेलेली ती लेक आमच्या इथली होती. म्हणजे तुम्ही आज माहेरी आलात. माहेरी एका भाकरीवर कोणी उठत नसतं."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं.  आर्याजींनी हात काढला आणि पात्र दोन्ही हातांनी पुढे धरलं.