गुरुवारच्या मॅडम

"...त्या गुरुवारच्या भानगडीपायी काढून टाकलं म्हणे शाळेतून!"

नळाला पाणी आलं होतं अन् गेटापाशी दोघी बोलत होत्या. मी कान दिला, तेवढ्यात कुणीतरी मोटार लावली. पुढचं सगळं घरघरीत बुडालं.

आमच्या पुंडलिकनगरात किस्स्यांचं पाण्यासारखंच. आठ-आठ दिवस टिपूस नाही, अन् आले की हंडे-कळश्या कमी पडतात! पण शेजारच्या वैशालीच्या परीचे किस्से भरून ठेवले ना, की हंडा उचलवत नाही.

*

परी सहा वर्षांची, पहिलीत. घरात तोंड मिटत नाही. माझी आमटी खाऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही मीठ दोनदा टाकता का?" पण शाळेचं फाटक ओलांडलं की कुलूप! जूनपासून एक शब्द नाही. हजेरीला ओ नाही. बाथरूमला जायचं सुद्धा विचारत नाही, कितीदा तर ओल्या कपड्यांनी घरी येते.

गॅदरिंगला शाळेनं काय करावं? "सर्वांत शिस्तप्रिय विद्यार्थिनी" म्हणून तिलाच सर्टिफिकेट दिलं! बापानं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं.

*

आजीनं मिरच्या-मोहरीनं दृष्ट काढली, गळ्यात काळा दोरा बांधला. समोरच्या नजमाआपांनी दर्ग्यावरून ताईत आणला. "अगे वैशाली, बांध इसको. बुलबुल जैसी बोलेगी!"

दोन्ही दोरे एकमेकांत गुंतले. आवाज काही सुटेना.

*

मग शाळेत समुपदेशनाच्या मॅडम यायला लागल्या, दर गुरुवारी. वैशालीच्या जिवात जीव आला. हेडमास्तर मात्र हसले, "एवढ्याशा पोरांना कसलं आलंय टेन्शन? लग्नं झालीत का त्यांची?"

मॅडमना खोली दिली ती ढोल-लेझीम ठेवायची. अन् कुणी शिक्षक रजेवर गेला, की मॅडमना त्या वर्गावर धाडायचं. परी ढोलांत एकटीच बसून राहायची.

*

पण परीला मॅडमकडं पाठवायच्या आधी पालकांचं संमतीपत्र! परीचा बाप सही करेना. मला म्हणाला, "शोभाताई, पोरीला डाग लागंल. उद्या सोयरीक जमवायची म्हणजे..."

"अरे, सहा वर्षांची हाय ती! दुधाचे दात पडले नाय अजून!"

शेवटी केली सही, पण एका अटीवर. नातेवाइकांना 'गणिताची ट्यूशन' म्हणून सांगायचं.

एकदा सोयगावचा मामा आला. "काय गं परे, काय शिकवतात ट्यूशनला?"

"ढोल मोजतो आम्ही. मी हळूच 'अकरा' म्हणाले, तर मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं!"

शाळेतला पहिला शब्द! वैशालीनं ओढणी तोंडात कोंबली. मामा म्हणाला, "इतक्या दिवसांत अकरापर्यंतच?"

*

अन् आता ही बातमी. गुरुवारची भानगड म्हणजे आपली परीच, असं माझं मीच ठरवलं अन् संध्याकाळपर्यंत चार घरी पोचवलं. तिथून ते परीच्या आजीच्या कानावर गेलं. तिनं युनिफॉर्म बोचक्यात बांधून माळ्यावर टाकला. दोन दिवस पोरगी घरात. शेवटी मीच वैशालीला म्हणाले, शाळेत जाऊन विचारू तरी.

गुरुवारी बोचकं सोडलं अन् मी आणि वैशाली तिला घेऊन शाळेत गेलो. हजेरीत परीचं नाव होतंच की! काढलं होतं ते मॅडमना. "लई काही उपयोग दिसत नव्हता," क्लार्क म्हणाला.

परी आमचा हात सोडून ढोलांच्या खोलीकडं गेली. दाराला कुलूप. मांडीवर दप्तर घेऊन पायरीवर बसली.

शिपाई वाकून म्हणाला, "बाळा, मॅडम नाय येणार आता. वर्गात जा."

"थांबते मी."

अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

हेडमास्तर केबिनमधून धावत बाहेर आले. "बघा, बघा! बोलते की पोरगी! उगाच मॅडम-मॅडम लावलं होतं!"