मागे उत्तरं असलेलं पुस्तक

बारामतीच्या ज्या दुकानात मी कामाला आहे तिथं दर मोसमाला न खपलेली पुस्तकं पुण्याच्या वितरकाकडे परत जातात. त्या वर्षी परतीच्या गठ्ठ्यातली तीन पुस्तकं माझी होती. म्हणजे माझ्यासाठी मागवलेली. टोपॉलॉजी या गणिताच्या शाखेची, तिन्ही इंग्रजी.

"यातलं एक तुझं, माझ्याकडून," दुकानाचे मालक म्हणाले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. "बाकीची दोन उद्या दुपारच्या टेम्पोत. टेम्पो चुकला तर ती माझ्याच गळ्यात."

मी मूळची गोंदियाकडची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नववीतून शाळा सुटली आणि मी कामाच्या शोधात इतक्या लांब आले. चाचांनी नुसतं काम दिलं नाही. दुपारची गर्दी ओसरली की म्हणायचे, "बस, वाच." असं वाचत बाहेरून दहावी, बारावी आणि गणित घेऊन पदवीही झाली. पुढं एम.एस्सी.चा विचार होता, पण धीर होत नव्हता. टोपॉलॉजी एकटीनं वाचून जमली तर पुढं जायचं, नाहीतर इथंच थांबायचं, असं मनाशी ठरवलं होतं. शाळा एकदा सुटली होती. पुस्तक चुकलं तर दुसऱ्यांदा सुटणार, आणि या वेळी दोष कुणाला देणार?

एक पुस्तक जाडजूड होतं, उचलतानाच दम लागावा असं. दुसरं आपल्याकडच्या परीक्षा डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागे छापलेलं. तिसरं बारीक. त्यात अर्ध्या पानावर व्याख्या आणि पुढं प्रश्नच प्रश्न. उत्तर एकाचंही नाही.

मी मनातून दुसरं कधीच निवडलं होतं. आम्ही गाईडवर वाढलेली माणसं. पाठ्यपुस्तक दप्तरात राहायचं, अभ्यास गाईडातून व्हायचा. तरी एकदा जाणत्या माणसाला विचारावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सकाळच्या एसटीनं इंदापूर गाठलं. तिथं निवृत्त झालेले गणिताचे एक सर राहतात, आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"सर, कुठलं घेऊ जी?"

"मी कशाला सांगू? तुझं स्थळ तू बघ," सर पुस्तकं चाळत म्हणाले. "तुला कुठलं आवडलंय?"

मी उत्तरांचं पुढं केलं.

"का?"

"यात सगळं सोडवून दिलं आहे."

"म्हंजे नवरा कमावता हाय, घरात बोलत न्हाय," सर हसले. "बरं. दोन खुल्या संचांचा छेद, म्हणजे दोघांतला सामाईक भाग, खुला असतो. सिद्ध कर."

आदल्या दिवशीच पाठ केलं होतं. घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान. आता दोन नको, अनंत घे. तरी खुला राहील?"

मी आठवायला लागले. त्या पुस्तकातलं पान डोळ्यांपुढं दिसत होतं, पण हा प्रश्न त्या पानावर नव्हता. कान गरम झाले. सरांनी बारीक पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलं. तिथं खुल्या संचाची व्याख्या होती, प्रत्येक बिंदूभोवतीची थोडी तरी जागा संचातच मावायला हवी, आणि तिच्याखाली पहिलाच प्रश्न होता: शून्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंतराचा खुला पट्टा घ्या, मग अर्ध्या-अर्ध्याचा, मग पाव-पावचा, असं करत जा. सगळ्या पट्ट्यांत सामाईक असं काय उरतं?

मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पट्टे काढत गेले. मध्येच घड्याळ बघितलं. टेम्पोची वेळ जवळ येत होती.

"घड्याळात उत्तर न्हाय," सर म्हणाले.

"एकटं शून्य उरतं जी," मी बऱ्याच वेळानं म्हणाले. "आणि ते खुलं नाही. शून्याभोवती कितीही लहान जागा घेतली तरी ती बाहेर सांडते."

"सांडते!" सरांनी मांडीवर थाप मारली. "पळ आता, चाचा शिव्या घालत असंल."

परतीची एसटी कळसच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. चाचांचा फोन आला. "अगं, टेम्पोवाला हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतोय. कुठं हायस?" पुस्तकं मांडीवर घेऊन मी मनात एसटी ढकलत होते. ज्या माणसानं मला बसून वाचू दिलं, त्याच्याच गळ्यात मी माल अडकवणार होते.

पोचले तेव्हा टेम्पोचं मागचं फाळकं वर झालं होतं. चाचांनी ते पुन्हा खाली पाडायला लावलं. जाडं पुस्तक मी लगेच दिलं. उरलेली दोन दोन्ही हातांत.

"ताई, लग्न लावताय का पुस्तक देताय?" ड्रायव्हर म्हणाला.

उत्तरांचं पुस्तक पुढं केलं. त्यानं धरलं, पण माझी बोटं सुटेनात. त्यानं हलकेच ओढलं तेव्हा सुटलं. टेम्पो वळणाआड गेला आणि मला धावत जाऊन तो थांबवावासा वाटला.

चाचांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "घे. आधी बस."

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मी पुढचा प्रश्न घेतला. तो तीन दुपारी सुटला नाही. चौथ्या दुपारी सुटला, म्हणजे मला तसं वाटलं. सवयीनं शेवटची पानं उलटली. तिथं नुसती शब्दसूची होती. बरोबर आहे की चूक, हे सांगणारं दुकानात कुणी नव्हतं. मी कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून, दुसऱ्या कुणाचं तपासावं तसं, तपासायला लागले. पाचव्या ओळीत चूक सापडली.