घासलेले रुपये आणि काळा पैसा

देवासहून सकाळच्या बसने निघाले तेव्हा कमरेच्या पिशवीत चांदीचे पाच रुपये आणि तांब्याचा एक पैसा होता. मला कवळी करायची होती. दोन वर्षं मी नुसता मऊ वरणभात गिळते आहे. मुलाकडे मागायचं नव्हतं, त्याचंच त्याला पुरत नाही. आमचे आजेसासरे देवासच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचे, ही नाणी त्यांच्या वेळची. देवासच्या सराफाने रुपये नुसते तोलले आणि चांदीचा भाव सांगितला. तेवढ्यात अर्धी कवळीही झाली नसती. शेजारीण म्हणाली, धारला एक जण जुनी नाणी पारखतो.

इंदूरला बस बदलली. कंडक्टरने विचारलं, "माँजी, धार किस काम से?"

"सिक्के बेचने."

"धीरे बोलो माँजी, बस भरी है." त्याने मला उठवून आपल्या शेजारी बसवलं आणि धारपर्यंत दुसऱ्या कोणाला तिथे टेकू दिलं नाही.

इंदूर सोडलं की काळीभोर जमीन लागते. गहू वीतभर वर आला होता, मधे हरभऱ्याचे पट्टे. ही जमीन नीट राखलेली आहे, कुठे पडीक दिसली नाही. मग धारचा लाल दगडाचा किल्ला दिसला.

स्टँडबाहेर गराडू (थंडीत मिळणारा तळलेला कंद) तळत होते.

"कड़क दूँ?"

"दाँत नहीं हैं भिया, नरम दे."

त्याने एकदाच तळून, वर लिंबू पिळून दिला. जिभेनेच चुरला. असा गराडू देवासला मिळत नाही, हे मला कबूल करावं लागेल.

पारख्याचं दुकान एका गल्लीत, एक खाट मावेल एवढं. माणूस पन्नाशीचा, मराठी.

"आजी, गाव कोणतं?"

"देवास."

"थोरली पाती की धाकटी?" (देवासला राजांची दोन घराणी, त्यांना पाती म्हणत.)

"नालबंदाला कसली पाती? दोन्हीकडचे घोडे नाल मागायचे."

तो हसला. हात धुऊन कोरडे केले, मखमलीचा तुकडा पसरला आणि पहिला रुपया फक्त कडेने धरून उचलला. भिंग लावलं. पाचही पाहिले आणि त्याचं तोंड उतरलं.

"कशाने घासले?"

"चिंच आणि राख. दर लक्ष्मीपूजनाला घासतो. काल तुमच्यासाठी पुन्हा घासले."

"आमच्या आईनेही हेच केलं. इथल्या सगळ्या मराठी घरांत हीच गत." त्याने भिंग माझ्या हातात दिलं. रुपयावरच्या राणीच्या गालावर बारीक ओरखडेच ओरखडे. "हा एक रुपया दुर्मिळ सालाचा आहे. न घासता काळाकुट्ट राहिला असता तर मी उभ्या उभ्या चांगल्या भावाने घेतला असता. आता पाचही सराफाला वजनावर द्या. मी त्याच्याइतकाही भाव देणार नाही."

मग मी पैसा काढला. तो काळा होता, म्हणून पदराने पुसायला गेले. त्याने झटकन पैशावर तळहात ठेवला.

"पदर लावू नका."

"मळलाय."

"म्हणूनच. हा कसा काय सुटला?"

"पूजेला रुपयेच मांडतो. काल हाही घासणार होते, पण चिंच संपली."

त्याला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग बराच वेळ भिंगातून पाहून म्हणाला, "धाकटी पाती. अक्षरं पूर्ण आहेत." त्याने भाव सांगितला. तांब्याच्या एवढ्याशा तुकड्याला कोणी इतके देईल असं मला वाटलं नव्हतं.

"पण आजी, मी हा पुढे जास्त भावाने विकणार, हे आत्ताच सांगतो. इंदूरला नाण्यांचा मेळा भरतो. तिथे तिघांना दाखवा, मग द्या."

"मेळा कधी?"

"दोन महिन्यांनी."

"आणखी दोन महिने वरणभात? घ्या."

त्याने पावती लिहिली आणि वाचून दाखवली. "आणि मोबाइलवर कोणी म्हणालं की देवीच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाख देतो, आधी थोडे पैसे भरा, तर भरू नका."

"भरायला असते तर दातच केले नसते का?"

मी बरेच दुकानदार पाहिले. आपला नफा गिऱ्हाइकाला आधी सांगणारा हा पहिला.

संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी रुपये सराफाला दिले. त्याला ओरखड्यांचं काही नव्हतं, चांदी ती चांदी. सून म्हणाली, "आता पूजेला काय मांडायचं?"

"बँकेतलं नवं नाणं. आणि घासू नकोस."

पन्नास वर्षं मी ते रुपये मन लावून घासले. लक्ष्मीने तसं सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्यांनाही कोणी तरी सांगितलं असणार. त्यात चूक कोणाची हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण तो दुर्मिळ रुपया काळा राहिला असता तर खालचे दातही आले असते, एवढं मला कळतं.

सगळं मिळून वरची कवळी झाली. डॉक्टर म्हणतात, नुसत्या वरच्या दातांनी चावता येत नाही. खालची हिरडी माझी घट्ट आहे. मी पोळी खाते.