मेंदीची नखं

हल्ली मनगटावरचं घड्याळसुद्धा रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतं. घरातले त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. मी ठेवत नाही, म्हणून मला संशयी म्हणतात. म्हणू देत.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. आम्ही देवळाली प्रवराला राहत होतो. नागपंचमी नुकतीच झाली होती आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिची छाती भात्यासारखी चालली होती. डॉक्टर इंजेक्शन देऊन दुसऱ्या गावी गेले. वॉर्डात उरली एक सिस्टर आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा एकुलता एक सिलिंडर.

"नखं निळी पडली की लगेच लावू," सिस्टर म्हणाली. "दुसरा नगरहून यायचाय, उगाच संपवून चालणार नाही."

येता-जाता ती पोरीचा हात उचलून बघायची. ओठ मुळातच सावळे, त्यांवरून काही कळेना, म्हणून तिची सगळी भिस्त नखांवर. "छान लाल आहेत," म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे जायची.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "सिस्टरबाई म्हनत्यात ना चांगलं हाय, मग तू कशाला तोंड पाडून बसलीस?"

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हाका मारल्या तरी पोर डोळे उघडत नव्हती, आणि नखं मात्र लालचुटूक. मी माझं नख दाबून पाहिलं. पांढरं झालं, सोडल्यावर गुलाबी. तिचं दाबलं, तर लाल ते लालच. पुन्हा दाबलं, तरी तेच. आणि एकदम लक्षात आलं. पंचमीला सासूबाईंनीच पाला वाटून तिच्या बोटांना मेंदीची टोपणं चढवली होती! रोज ते हात बघणाऱ्या आम्ही दोघी, आणि दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. सिस्टर त्या मेंदीलाच रक्त समजत होती.

मी गोधडी भिरकावली. पायांना मेंदी नव्हती. अंगठ्याचं नख जांभळं पडलं होतं.

"सिस्टर!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "हाताला मेंदी आहे! पाय बघा, पाय!"

तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं सिलिंडर ओढत आणला, नळी नाकाशी लावली. सासूबाई स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागल्या. मी त्यांना समजावलं नाही. मला भयंकर राग आला होता, त्यांचा, सिस्टरचा, त्या लाल रंगाचा.

मग मी तिच्या पायाचा अंगठा धरून बसले. दाबायचं, सोडायचं, बघायचं. रंग येतोय की मलाच भास होतोय, कळत नव्हतं. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. दुपार कलली. पुन्हा दाबलं, तर पाय झटकन मागे गेला.

"आई, गुदगुल्या करू नको ना," ती डोळे मिटूनच पुटपुटली.

मी तिचं ऐकलं नाही. रडत रडत पुन्हा पुन्हा दाबतच राहिले.