पलीकडचीचा चेहरा

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला अमुक गोष्ट जमणार नाही असं सांगू नये. ती ते करून दाखवते आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला ऐकवते. अख्ख्या इमारतीच्या आत्या असलेल्या या बाई त्यातल्याच.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दूरच्या शहराचा कॉल जोडताना तिकडच्या ऑपरेटरशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, लाइन आधी कोणी तोडली यावरून. दुसऱ्या दिवशी ते मिटलं आणि तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. नावानं हाक मारायची सवय लागलीच नाही. ही तिची पलीकडची, ती हिची पलीकडची. लग्नं, बाळंतपणं, सासवा, बढत्या, सगळं तारेवरूनच झालं. निवृत्तीनंतरही दर रविवारी फोन होताच. भेट मात्र एकदाही नाही. कधी हिची रजा नामंजूर, कधी तिच्या घरी आजारपण. फोटो पाठवते, पाठवते म्हणता म्हणता दोघींचे केस पिकले.

आणि आता पलीकडचीच्या डोळ्यांचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं, उद्या सकाळी. डॉक्टर खात्री देत नव्हते. ती फोनवर म्हणाली होती, "नंतर दिसेल न दिसेल. शुक्रवारी पाच वाजता मला तुझं तोंड दाखव. मुलानं भला मोठा टीव्ही लावून ठेवलाय. तेवढं मोठं असलं की मला अजून दिसतं."

आज शुक्रवार होता. शेजारणीच्या मोबाइलवरून काम झालं असतं, पण त्या मोबाइलबरोबर शेजारीणही येते, आणि ती एकदा बसली की दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नाही.

भाचीनं आत्यांना नवा कोरा लॅपटॉप पाठवला होता. इमारतीत तारेचं इंटरनेट नव्हतं, पण आत्यांकडे जुनं डोंगल होतं. बोटाएवढं, पोटात सिमकार्ड, कडेला हिरवा दिवा. जुना कॉम्प्युटर मोडीत निघेपर्यंत त्यावर ते निमूटपणे चालायचं. नव्यानं त्याला ओळखच दाखवली नाही. डोंगलच्या जागी सीडीचं चित्र, आणि त्यावर क्लिक केलं की 'हा प्रोग्राम या सिस्टिमवर चालणार नाही' अशी पाटी. आत्यांनी सीडीसाठी घर पालथं घातलं. फ्रीजखाली एक सापडलीही, भाचीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची. पण लॅपटॉपला ती घालायला फटच नव्हती.

साडेचारला त्यांनी घरच्या फोनवरून भाचीला ऑफिसात गाठलं.

"अगं आत्या, सीडीबिडी काही नाहीये. डोंगलच सीडीचं सोंग घेऊन बसलंय. त्याच्यात जुना प्रोग्राम भरलाय ना, म्हणून. त्या चित्रावर उजवं बटण दाब आणि इजेक्ट कर, की सोंग उतरेल."

"इजेक्ट म्हणजे काढायचं?"

"हो."

"मी नाही काढणार."

"का पण?"

"दिवा लागलाय."

भाचीला काही कळेना. आत्यांनी तिला समजावलं, "दिवा लागलाय म्हणजे लाइनवर माणूस आहे. एकतीस वर्षांत मी कोणाचं बोलणं चालू असताना बोर्डावरची पिन उपटली नाही. आता काय म्हातारपणी उपटू?"

तीन दिवस त्या याच दिव्याच्या विझण्याची वाट बघत बसल्या होत्या! जेवतानासुद्धा एक डोळा त्याच्यावर.

"आत्या, शपथ घेऊन सांगते, लाइनवर कोणी नाही."

"तू विचारलंस?"

एक्स्चेंजचा नियम होता, तीनदा विचारायचं आणि मगच तोडायचं. आत्या डोंगलवर वाकल्या आणि कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, "बोलणं झालं का? बोलणं झालं का? बोलणं झालं का?" तिकडे भाची हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात आली. डोंगल काही बोललं नाही. आत्यांनी इजेक्ट केलं.

दिवा विझला. सीडी गेली. मग दिवा निळा होऊन लागला आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाटी आली, मोडेम सापडलं.

"आता जुना प्रोग्राम विसर," भाची म्हणाली. "नव्या सिस्टिमला स्वतःलाच जोडता येतं. सेटिंगमध्ये डायल-अप उघड. नवीन कनेक्शन. नंबर मागेल. स्टार नव्याण्णव हॅश."

"आकडे सुटे सांगावेत गं. स्टार, नऊ, नऊ, हॅश." आणि आत्या एकदम ताठ झाल्या. "थांब. म्हणजे हे सगळं फोन लावणंच आहे?"

"हो, तसंच."

"मग मेले, आधी नाही का सांगायचं!"

त्यांनी न बघता नंबर ठोकला. जोडलं गेलं! आत्यांनी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि टेबलाभोवती दोन फेऱ्या नाचत मारल्या, गुडघ्यांना न विचारता. केसांवर कंगवा फिरवला, कॅमेरा पुसला, चुकून चष्म्याच्या फडक्यानं नाकही पुसलं. पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी कॉल लावला.

इतकी वर्षं आत्यांच्या मनातली पलीकडची उंच, किडकिडीत, लांब नाकाची होती. पडद्यावर आली ती गोल गालांची, बुटकी, जाड भिंगांची बाई.

"अगं, तू तर लाडूच आहेस!" आत्या ओरडल्या आणि खो खो हसत सुटल्या.

पलीकडची हसली नाही. ती खुर्ची पुढे ओढत, ओढत इतकी जवळ आली की पडद्यावर नुसते डोळे उरले.

"अगं, बोल ना काहीतरी. ऐकू येतंय का?"

"येतंय गं. बोलणं उद्याही होईल. आता गप्प बस. बघू दे मला."

आत्यांनी खिडकीचा पडदा सारला, उजेड तोंडावर घेतला आणि गप्प बसून राहिल्या.