साहेबांच्या बहिणीची मतमोजणी

इथे आखातात, रोल्लातल्या आमच्या ऑफिसचे साहेब आयरिश. भला माणूस, पण बहिणीचा विषय निघाला की लालबुंद व्हायचे. ही थोरली बहीण म्हणजे तिकडची कट्टर डावी पुढारी. पाणीपट्टी भरू नका म्हणत रस्त्यावर उतरली, तुरुंगात जाऊन आली आणि घटस्फोटाच्या कायद्यावरून चर्चशी भांडली. तेव्हापासून आईने तिला घराचं दार बंद केलं आणि साहेबांनी बोलणं टाकलं. मी वसईची कॅथलिक, मलाही तिचा रागच यायचा. फादरांना उलट बोलते म्हणजे काय!

बाई दर निवडणुकीला उभ्या राहायच्या आणि पडायच्या. या खेपेला पडले तर राजकारण सोडते, असं त्यांनी जाहीर केलं होतं. "सोडू दे, सुटलो!" साहेब म्हणाले. पण मतमोजणी सुरू झाली त्या शनिवारी माणूस फोनपासून हलेना, डब्यालाही हात लावला नाही. कसला राग नि कसलं काय!

आमचे डोंबिवलीचे अकाउंटंट निवडणुकांचे भलते शौकीन. त्यांनी सकाळीच पेढे आणले होते. संध्याकाळी बातमी आली: त्या एकाच मतदारसंघातून तिघं निवडून येणार आणि बाई पाचव्या. "खलास," अकाउंटंट म्हणाले. मी पेढे फ्रिजमध्ये ढकलले आणि मयताला गेल्यासारखा चेहरा करून साहेबांसमोर चहा ठेवला. "व्हेरी सॉरी, सर."

साहेब हसायलाच लागले! "अगं, ही तर सुरुवात आहे." तिकडे म्हणे मतदार पहिली पसंती, दुसरी, तिसरी अशी लिहितो. सगळ्यात मागचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात आणि पुन्हा मोजणी. काय ही भानगड! पण अकाउंटंटना ती इतकी आवडली की रविवारी त्यांनी बोर्डावरचे कंटेनरचे नंबर पुसून उमेदवार मांडले. खोर फक्कान बंदरातून आमचा ड्रायव्हर फोन करायचा तो कामाचं सोडून "मॅडम का क्या हुआ?" विचारायला.

दुपारपर्यंत दोन जागा भरल्या. उरलेल्या एका जागेसाठी एक गब्बर बिल्डर पुढे, बाई जराशा मागे. आता बाद झाला तो चर्चचा लाडका उमेदवार. त्याची मतं या बाईला? शक्यच नाही, मी म्हटलं.

फोन वाजला. साहेबांनी ऐकलं आणि असे ओरडले की शेजारचा मल्याळी दुकानदार धावत आला. "निवडून आली! माझी बहीण निवडून आली!" अकाउंटंट नाचले, मीही नाचले, आणि थंडगार पेढे त्या मल्याळ्यालासुद्धा भरवले.

तेवढ्यात साहेबांच्या आईचा फोन आला. ऐकता ऐकता साहेबांचे डोळे भरले. फोन ठेवून म्हणाले, "आईने पहिलं मत चर्चच्या माणसालाच दिलं होतं. म्हणते, मला देवाला तोंड दाखवायचंय. पण दुसरं दिलं पोरीला."

मला हुंदकाच फुटला. त्या गावात अशा किती म्हाताऱ्या असतील, देव जाणे.

साहेबांनी कुठेही न बघता एक नंबर फिरवला. इतकी वर्षं बोलणं टाकलेल्या बहिणीचा नंबर तोंडपाठ!

"मी बोलतोय," ते म्हणाले. "जिंकलीस गं! आणि ऐक, आईने उद्या जेवायला बोलावलंय."